दहावीची परीक्षा ठेवा, गुणपत्रिका बदला

"मुलगी नववीत आहे. नव्या धोरणात दहावीचं बोर्डच जाणार असं व्हॉट्सॲपवर फिरतंय, ते खरं का? आणि परीक्षा ठेवायचीच असेल, तर तुमच्या हातात असतं तर तुम्ही काय बदललं असतं?" असं एका आईने विचारलंय.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. ती अफवा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दहावी आणि बारावीच्या बोर्ड परीक्षा राहतील असंच लिहिलंय. त्या सोप्या कराव्यात, पाठांतरापेक्षा समज तपासावी आणि मुलांना वर्षात दुसरी संधी मिळावी, एवढीच त्यातली सूचना आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा वेळ लागेल, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आधी परीक्षक होतो, मग नियमक (परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा बघणारा) झालो, आणि मुख्याध्यापक झाल्यावर शेवटची काही वर्षं केंद्रसंचालक. म्हणजे पेपरचे गठ्ठे सोडलेही आणि बांधलेही. इतक्या वर्षांत माझं मत एकाच गोष्टीवर पक्कं झालं. परीक्षा घेण्यात आपण चुकतो, पण तिचा निकाल सांगण्यात त्याहून जास्त चुकतो. गुणपत्रिका वाचून पोराला काय येतं आणि काय येत नाही हे कुणालाच कळत नाही. आई-बापाला नाही, अकरावीच्या कॉलेजला नाही, आणि खुद्द पोरालाही नाही.

या परीक्षेचं सरकारी नाव आहे माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा. शालान्त म्हणजे शाळेचा अंत. आमच्या वडिलांच्या पिढीत अकरावीला मॅट्रिक होती आणि ती खरोखर अंत होती. पुढे एक तर कॉलेज, नाही तर तलाठी, ग्रामसेवक, मास्तर. कोठारी आयोगाने सुचवलेला दहा-अधिक-दोनचा आकृतिबंध आपल्याकडे आला आणि १९७५ पासून परीक्षा दहावीला सरकली, पण तिचं वागणं मॅट्रिकचंच राहिलं. आता तर नव्या धोरणाने नववी ते बारावी असा एकच टप्पा मानलाय. म्हणजे ही शालान्त परीक्षा ऐन टप्प्याच्या मधोमध उभी आहे, रस्त्यातल्या जुन्या वेशीसारखी. गाव कधीच पुढे पसरलंय, तरी वाहनं वेशीपाशी तुंबतातच.

आणि या वेशीवर एका आकड्याने चार कामं करायची असतात. मूल दहा वर्षं शिकलं याचा दाखला द्यायचा. अकरावीच्या रांगेत त्याचा नंबर ठरवायचा. शाळेला चौकात फ्लेक्स लावण्याची सोय करून द्यायची. आणि 'दहावी पास' अशी अट असलेल्या नोकरीचं दार उघडायचं. चारही कामांना लागणारी माहिती वेगवेगळी आहे. आकडा मात्र एकच, दोन दशांश चिन्हांपर्यंत.

आता त्या आकड्यात काय काय असतं ते पाहू. सगळ्यात जास्त बोलायचंय ते शाळेने द्यायच्या वीस गुणांवर.

२०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला आणि २०२० मध्ये थेट ९५.३० वर गेला. तीन वर्षांत पोरं आधी ढ आणि मग एकदम हुशार झाली असं काही घडलेलं नाही. २०१८-१९ या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांमधले शाळेकडचे वीस गुण काढून लेखी परीक्षाच पूर्ण गुणांची केली होती. निकाल पडला, आणि अकरावीच्या रांगेत दुसऱ्या बोर्डांची पोरं आपले अंतर्गत गुण घेऊन पुढे उभी दिसली, तशी ओरड झाली. पुढच्या वर्षी वीस गुण परत आले. सगळा फरक त्या विसांचाच होता असं मी म्हणणार नाही. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता, भाषेची कृतिपत्रिका, म्हणजे कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, नवी होती. २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने द्यावे लागले. पण शंभर टक्के मिळवणाऱ्यांची संख्या पाहा: २०१८ ला १२५, २०१९ ला २०, २०२० ला २४२. निकालाच्या बातम्यांत हे आकडे दरवर्षी येतात. त्यांच्यामागे कुठला नियम बदलला हे मात्र दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात नसतं.

ते वीस गुण कसे दिले जातात हे मी सांगू शकतो, कारण मी ते दिलेत. माझ्याकडे दहावीच्या तीन तुकड्या होत्या, प्रत्येकी चौसष्टच्या आसपास. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं बोलतं करायचं म्हटलं तर सोळा तास लागतात. वेळापत्रकात त्यासाठी सोळा मिनिटंही नसायची. मग काय व्हायचं? यादी समोर घ्यायची आणि चेहरे आठवत लिहीत जायचं. अठरा, एकोणीस, अठरा, एकोणीस. पाठ्यपुस्तकातला उतारा सलग वाचता न येणाऱ्या मुलाला मी सतरा दिलेत. कारण शेजारच्या शाळेत त्याच्यासारख्याला अठरा मिळणार हे मला माहीत होतं. माझ्या प्रामाणिकपणाचा दंड त्याने का भरायचा?

त्याच वर्गात एक मुलगी होती. घरी भारुडाची परंपरा. ती उभी राहून बोलायला लागली की मागच्या बाकावरची पोरं चुळबुळ थांबवायची. लिहिताना तिचे ऱ्हस्व-दीर्घ कायम चुकायचे, लेखीत तिला साठ-बासष्टच्या वर कधी मिळाले नाहीत. तोंडी परीक्षा ही तिची हक्काची जागा. तिथे मी तिला एकोणीस दिले, आणि एकोणीस तिच्या अवतीभवतीच्या चाळीस जणांनाही दिले. या खैरातीची किंमत कोण मोजतं, असं मला कुणी विचारलं तर मला ती मुलगी आठवते.

म्हणून अंतर्गत गुण बंद करा, या मताचा मी नाही. बोलणं, ऐकणं, प्रयोग करणं हे तीन तासांच्या कागदावर तपासताच येत नाही, आणि जे तपासलं जात नाही ते आपल्या शाळांत शिकवलं जात नाही. उपाय दोन आहेत आणि दोन्ही फार खर्चाचे नाहीत.

पहिला अगदीच साधा. लेखी गुण आणि अंतर्गत गुण गुणपत्रिकेवर वेगळ्या रकान्यांत छापा. सीबीएसईच्या गुणपत्रिकेत लेखीचे वेगळे, अंतर्गतचे वेगळे दिसतात. आपल्याकडेही ८० पैकी ३१ आणि २० पैकी १९ असं शेजारीशेजारी छापलं, की बघणाऱ्याला कुणी काही समजावून सांगायला नको. शाळाही पुढच्या वर्षी जरा हात आखडता घेतील.

दुसरा उपाय ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये बऱ्याच वर्षांपासून चालतो. तिथे बारावीला निम्मे गुण शाळा देते, पण ते जसेच्या तसे धरत नाहीत. शाळेने मुलांचा लावलेला क्रम तसाच राहतो. गुणांची पट्टी मात्र त्या शाळेतल्या मुलांनी लेखी परीक्षेत काय केलं त्यावरून वर-खाली सरकवली जाते. म्हणजे समजा, एखाद्या शाळेची लेखीची सरासरी ५० टक्के आहे आणि तोंडीत सरसकट ९५ टक्के दिलेत, तर तोंडीचे गुण सगळ्यांचे मिळून खाली येतात. पण जी पहिली होती ती पहिलीच राहते. यात शिक्षकाचा फायदा असा, की सढळ हाताने देऊन काही मिळत नाही, उलट मुलांमुलांत फरक केला नाही तर चांगल्या मुलाचं नुकसान होतं. माझी ती भारुडवाली मुलगी अशा पद्धतीत वर आली असती.

यात एक अडचण आहे आणि ती आपल्याकडे जास्त आहे. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली इथल्या आश्रमशाळांत घरची भाषा भिली, कोरकू, गोंडी. मुलं बोलतात धीटपणे, लेखी मराठीत अडखळतात. निव्वळ लेखीच्या पट्टीवर तोंडी गुण ओढले तर त्यांच्यावर अन्याय होईल. म्हणून शाळेने आठ-दहा मुलांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवावं आणि गुण खाली आले तर ते ऐकवून दाद मागता यावी. दहा वर्षांपूर्वी हे बोलणं हवेत गेलं असतं. आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात रेकॉर्डर आहे.

अंतर्गत गुणांची ही घडी बसल्याशिवाय दुसरं काही नको, असंही मी म्हणेन. एनसीईआरटीतल्या 'परख' या संस्थेने २०२४ मध्ये सुचवलं, की बारावीच्या निकालात नववीचे १५, दहावीचे २०, अकरावीचे २५ आणि बारावीचे ४० टक्के धरावेत. कागदावर हे छान वाटतं, एका दिवसाच्या परीक्षेचा ताण चार वर्षांत वाटला जातो. पण शाळेच्या हातातल्या गुणांची आजची अवस्था पाहता, एका वर्षाची खैरात चार वर्षांची होईल, आणि ताण काही कमी होणार नाही. क्लासवाले नववीपासूनच 'बोर्ड बॅच' काढतील. नाही तरी काढतातच म्हणा.

आता लेखीच्या ऐंशी गुणांकडे वळू. लोकांना वाटतं, तिथे तरी सगळं चोख असेल.

परीक्षकाला दोनशेच्या वर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मिळतो. सकाळी नववीचे तास, दुपारी गठ्ठा. एका उत्तरपत्रिकेमागे मानधन काही रुपये. सोबत आदर्श उत्तरपत्रिका असते, नियमकांची बैठक होते, काही नमुना पेपर नियमक पुन्हा तपासतो. गणितात आणि विज्ञानात हे बऱ्यापैकी चालतं, कारण पायऱ्या मोजता येतात. भाषेत मात्र हात ढिला-घट्ट होतो. मी एकदा आमच्याच शाळेत गंमत केली. सराव परीक्षेतला एक निबंध नाव झाकून सहा मराठीच्या शिक्षकांना दिला, त्यातले दोन शेजारच्या शाळेतले. आठपैकी कुणी साडेतीन दिले, कुणी सात. सात देणाऱ्या बाई म्हणाल्या, पोराने स्वतःचं लिहिलंय. साडेतीन देणारे सर म्हणाले, पोराने स्वतःचंच लिहिलंय, मुद्दे कुठे आहेत? दोघंही वीस-वीस वर्षं शिकवत होते.

आणि मग पस्तीसचा उंबरठा. तेहेतीस, चौतीस असे गुण अंतिम यादीत क्वचितच सापडतात. नियमक असताना मी स्वतः परीक्षकाला म्हटलंय, "पुन्हा एकदा चाळा, कुठे एखादा अर्धा राहिलाय का बघा." त्यात मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. एका गुणासाठी पोराचं वर्ष कोण घालवणार? पण त्याचा अर्थ असा, की पस्तीस हा आकडा बऱ्याचदा मोजलेला नसतो, दिलेला असतो. 'नापास' शब्द जाऊन गुणपत्रिकेवर 'कौशल्य विकासास पात्र' आलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शब्द बदलला, उंबरठा तिथेच आहे.

इथे माझी सूचना अशी: एका परीक्षकाने पूर्ण पेपर तपासायची पद्धत सोडावी. पेपर स्कॅन करून प्रश्नवार वाटावेत. एका शिक्षकाने चार दिवस फक्त निबंध तपासावेत, दुसऱ्याने फक्त उताऱ्यावरचे प्रश्न. त्यामुळे एका मुलाचं नशीब एका माणसाच्या हाती राहत नाही. अक्षर पाहून मनात बसलेली पहिली छाप पुढच्या प्रश्नाला चिकटत नाही. मध्येमध्ये आधी तपासलेला, गुण ठरलेला निबंध गुपचूप सरकवायचा. परीक्षक त्याला वेगळेच गुण द्यायला लागला, की थांबवून बोलायचं. इंग्लंडमधल्या परीक्षा मंडळांत हे रोजचं आहे.

पण घाई नको. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये सगळ्या उत्तरपत्रिका एकदम ऑनलाइन तपासायला घेतल्या. पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, तयारी नव्हती. निकाल महिनोन् महिने रखडले, मुलांचे परदेशी प्रवेश हुकले, शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. तिथे उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या घरात होत्या. आपल्याकडे दहावीलाच पंधरा-सोळा लाख मुलं बसतात आणि प्रत्येकाच्या उत्तरपत्रिका आठ-नऊ. सुरुवात एका विभागीय मंडळात, एका विषयात करावी. दोन वर्षं चुका होऊ द्याव्यात, मग पुढे जावं.

गणिताबद्दल मला विचारू नका असं म्हणायला हवं, मी मराठीचा माणूस. पण मुख्याध्यापक असताना सगळ्यात जास्त आई-बाप माझ्यासमोर रडले ते गणितासाठी, म्हणून बोलतो. आपल्याकडे पूर्वी 'सामान्य गणित' हा पर्याय होता. बीजगणित-भूमिती झेपत नसणारी मुलं तो घ्यायची. नव्या अभ्यासक्रमात तो गेला. त्याच सुमारास, २०१७ मध्ये, दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का अशी विचारणा मुंबई उच्च न्यायालयाने केली होती. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात वेगळीच वाट सुचवली गेली. गणित-विज्ञानात पस्तीसऐवजी वीस मिळाले तरी मूल उत्तीर्ण, पण पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा.

मला ही वाट पटत नाही. वीस गुणांवर पास झालेल्या मुलाला काय येतं? वर्गसमीकरणांच्या पेपरात वीस मिळाले म्हणजे टक्केवारी येते असं नाही, आणि व्याज काढता येतं असंही नाही. त्याला न येणाऱ्या गोष्टींचाच पेपर द्यायचा आणि वर 'चालेल' म्हणायचं. त्यापेक्षा सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून जे केलं ते बरं. वर्गात अभ्यासक्रम एकच, पेपर मात्र दोन पातळ्यांचे, मूलभूत आणि प्रमाण. विद्यार्थ्याने निवडायचं. आपण तर मूलभूत पेपर आपल्या मातीतला काढू शकतो. अडीच एकर वीस गुंठे म्हणजे किती गुंठे? पीककर्जाचं व्याज सात महिन्यांचं किती? इतक्या टनांच्या उसाला इतक्या दराने बिल किती, त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाता हातात किती? आमच्या भागातल्या पोराला हे आलं तर मी त्याला आनंदाने साठ देईन आणि गुणपत्रिकेवर स्पष्ट छापेन: मूलभूत गणित, ६०. अकरावी सायन्सवाल्यांनी ते वाचावं आणि काय ते ठरवावं.

विरोध कुठून येतो हेही मला माहीत आहे. सामान्य गणित घेणाऱ्या मुलांना वर्गात 'सामान्य' म्हणूनच हाक मारायचे. पालकांना तो कमीपणा नको असतो. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: निवड उशिरा, परीक्षेचा अर्ज भरताना करू द्या आणि नंतर मन बदललं तर प्रमाण पेपर पुन्हा देऊ द्या. तुकड्या मात्र कधीही वेगळ्या करू नका. ते एकदा केलं की संपलं.

यावरून दुसऱ्या संधीचा विषय निघतो. गेल्या वीस वर्षांत दहावीत झालेली सगळ्यात कामाची सुधारणा कुठली, असं मला विचाराल तर मी २०१५ मध्ये सुरू झालेली जुलैची फेरपरीक्षा म्हणेन. त्याआधी नापास मुलाला ऑक्टोबरची वाट पाहावी लागायची, म्हणजे वर्ष गेलंच. आणि वर्ष गेलेली मुलगी आमच्या भागात परत शाळेत येत नाही, तिचं लग्न ठरतं. एकदोन विषयांत अडकलेल्या मुलांना एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या बोलीवर, अकरावीत जाता येतं, हीही सोय चांगली आहे, आणि कितीतरी पालकांना ती निकालाच्या दिवशी माहीतच नसते.

ही संधी फक्त नापासांची न ठेवता सगळ्यांना सुटसुटीत करावी. कर्नाटकाने २०२४ पासून दहावीला वर्षात तीन परीक्षा सुरू केल्या. सीबीएसईने २०२६ पासून दोन ठरवल्या: फेब्रुवारीची सक्तीची, मेमधली ऐच्छिक, तीही जास्तीत जास्त तीन विषयांत. आपल्याकडे पास झालेल्यांना गुण वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षा देता येते अशी श्रेणीसुधार योजना आहे, पण जुलैचा निकाल येईपर्यंत अकरावीच्या मुख्य फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. मग सुधारलेल्या गुणांचा उपयोग काय? २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. म्हणजे फेऱ्यांच्या तारखा पुढे-मागे करणं आता एका ठिकाणाहून शक्य आहे.

शहरातल्या लोकांना दुसरी संधी म्हणजे ९४ चे ९६ करण्याची सोय वाटते. मला मात्र आमच्याकडे हंगामात येणारी ऊसतोड कामगारांची पोरं दिसतात. बीड, अहिल्यानगरकडून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि मार्चपर्यंत फडावर असतात. दहावीचं नेमकं दुसरं सत्र. हंगामी वसतिगृहं आहेत, काही मुलं गावी आजीजवळ राहतात, पण जानेवारीत धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठीला बोलावून घेतलं जातं. अशा मुलीला मे-जूनची परीक्षा ही पहिलीच खरी संधी असते. तिला त्यात 'फेरपरीक्षार्थी' म्हणू नये. दोन्ही परीक्षा सारख्या मानाव्यात आणि गुणपत्रिकेवर महिना छापूच नये.

फुकट काहीच नाही. दोन परीक्षा म्हणजे दोनदा प्रश्नपत्रिका, दोनदा परीरक्षक केंद्रं (पेपर जपून ठेवण्याची ठिकाणं), दोनदा गठ्ठे, आणि शिक्षकांची मे महिन्याची सुट्टी गेली. संघटना उठतील आणि मानधन आज आहे तेवढंच असेल तर मीही त्यांच्या बाजूने बोलेन.

कॉपीवर मी फार लिहिणार नाही. १९८२ चा कायदा आहे, भरारी पथकं आहेत, बैठी पथकं आहेत, आता कॅमेरे आले. नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास जिल्हाभर कॉपीमुक्ती राबवली, तेव्हा प्रशासनाने मनावर घेतलं तर ती थांबते हे सगळ्यांनी पाहिलंय. केंद्रसंचालक म्हणून माझा अनुभव इतकाच: ज्या प्रश्नाचं उत्तर गाइडच्या पानावर जसंच्या तसं आहे, त्याचीच चिठ्ठी येते. कृतिपत्रिकेत स्वमताचा प्रश्न आला, तेव्हा पहिल्या वर्षी चिठ्ठ्या कमी झाल्या. तिसऱ्या वर्षी स्वमताचीही 'अपेक्षित' उत्तरं बाजारात आली. पेपर काढणाऱ्यांनी दरवर्षी एक पाऊल पुढे राहायला हवं, आणि त्यासाठी पेपर काढणाऱ्याला दोन दिवस नव्हे, दोन महिने द्यायला हवेत.

बारावी सायन्सबद्दल तर बोलायलाही नको. इंजिनीअरिंगला एमएचटी-सीईटी, मेडिकलला नीट. बोर्डात किमान टक्के मिळाले की झालं. त्यामुळे मुलं नावाला एका कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये. प्रात्यक्षिकात तीसपैकी अठ्ठावीस-एकोणतीस. ती परीक्षा आपण घेतो, पण तिच्यावर कुणाचा विश्वास उरलेला नाही. दहावीची अजून तशी गत झालेली नाही, म्हणून तिच्यावर एवढं लिहितोय.

मग माझी गुणपत्रिका कशी असेल? मराठी: लेखी ८० पैकी इतके, बोलणं-ऐकणं २० पैकी इतके, आणि खाली एक ओळ, 'अनोळखी उतारा वाचून समजतो' किंवा 'मदतीने समजतो'. कृतिपत्रिकेत प्रश्न विभागवार आहेतच, त्यामुळे ही ओळ काढायला नवी परीक्षा लागत नाही, विभागवार बेरीज फेकून न देता जपून ठेवायला लागते. गणित: कुठल्या पातळीचं ते. खेळाचे, चित्रकलेच्या परीक्षांचे, लोककलेचे सवलतीचे गुण एकूण बेरजेत मिसळू नयेत, त्यांची वेगळी चौकट. पोराने एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली हे अभिमानाने दिसावं, त्याने त्याचं भूगोलाचं ज्ञान वाढल्यासारखं दिसू नये. श्रेणी विषयांत शंभरातल्या नव्वदांना 'अ' मिळत असेल तर तो रकाना छापण्याची शाईही वाया जाते. आणि टक्केवारी? 'बेस्ट ऑफ फाइव्ह'साठी, म्हणजे सर्वांत जास्त गुणांचे पाचच विषय धरण्यासाठी, २०१० मध्ये आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो, त्यामुळे अकरावीच्या संगणकाला एकच आकडा लागतो हे मला कळतं. तो त्याला थेट पाठवावा. गुणपत्रिकेवर छापला नाही तर फ्लेक्सवाल्यांखेरीज कुणाचं बिघडणार नाही.

तुमच्या मुलीपुरतं सांगायचं, तर ताई, यातलं बरंचसं तिच्या बॅचपर्यंत येणार नाही. ती आहे त्याच पद्धतीची परीक्षा देईल, असंच धरून चाला. पण दिवाळीनंतर शाळेत पालकसभा होईल. तिथे टक्क्यांबद्दल सगळेच विचारतील. तुम्ही वर्गशिक्षकांना विचारा, की अंतर्गत वीस गुणांची नोंदवही दाखवता का, आणि माझ्या मुलीची तोंडी परीक्षा कुठल्या दिवशी घेणार. ते जरा गडबडतील. मीही गडबडलो असतो. पण एकाच सभेत पाच पालकांनी हे विचारलं, तर त्या वर्षी तोंडी परीक्षा खरंच होते. एका वर्षी आमच्याकडे तसं झालं, तेव्हा मी दोन रविवार शाळा उघडून पूर्ण सोळा तास बसलो होतो.